फोन नेमका लावतंय कोण? जुन्या कॉम्प्युटरचं आपोआप डायलिंग आणि आत लपलेले हेर

मॉडेम, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून कॉम्प्युटरला इंटरनेटशी जोडणारं यंत्र, स्वतःच्या मनाने कधीच फोन लावत नाही. त्याला कोणीतरी सांगावं लागतं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या जुन्या मशीनवर मधूनच उगवणारी 'कनेक्ट'ची चौकट, कोणी हात न लावता सुरू होणारी मॉडेमची किरकिर आणि फुगून आलेलं टेलिफोन बिल, या सगळ्याकडे बघायची नजर बदलते. बंद कसं करायचं ते पुढे बघू. आधी सांगणारा शोधायचा.

सांगणारे तीन जातीचे असतात. पहिलं म्हणजे खुद्द विंडोज. दुसरे सरळमार्गी प्रोग्राम: मेल, अँटिव्हायरस, अपडेट करणारे. तिसरे मात्र चोर, म्हणजे डायलर (गुपचूप महागडा नंबर लावणारे) आणि स्पायवेअर (तुमची माहिती चोरणारे). लोक पहिल्या झटक्यात तिसऱ्यांवर संशय घेतात, दिसेल ते 'अँटिस्पायवेअर' उतरवतात आणि नसलेला रोग विकत आणतात. म्हणून तपास याच क्रमाने करावा. एकच अपवाद: मॉडेम अनोळखी नंबर फिरवताना दिसला, तर काहीही विचार न करता भिंतीतली टेलिफोनची वायर उपसा. स्क्रीनवरचं 'डिसकनेक्ट' दाबून फोन खरंच ठेवला गेलाय याची खात्री नसते. वायर काढल्यावर असते.

विंडोजची नको तितकी तत्परता

इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये 'टूल्स', त्यात 'इंटरनेट ऑप्शन्स', त्यात 'कनेक्शन्स' हा टॅब उघडा. तिथे तीन पर्याय दिसतील. 'नेव्हर डायल अ कनेक्शन' म्हणजे कधीच आपणहून फोन लावू नकोस. 'डायल व्हेनेव्हर अ नेटवर्क कनेक्शन इज नॉट प्रेझेंट' म्हणजे दुसरं नेटवर्क नसेल तेव्हा लाव. तिसरा पर्याय 'ऑलवेज डायल माय डिफॉल्ट कनेक्शन', म्हणजे ठरलेलं कनेक्शन नेहमीच लाव. ही सेटिंग एक्स्प्लोररच्या घरात राहत असली तरी तिचा अंमल त्याच्यापुरता नसतो. एक्स्प्लोररचा नेट-विभाग वापरणारा कुठलाही प्रोग्राम तिच्याच भरवशावर चालतो.

घरातल्या कोणीही "रिक्षा आण" म्हटलं की कोण जाणार, कुठे जाणार हे न विचारता पळत सुटणारा पोऱ्या असावा, तसं हे ऑटोडायल. एखाद्या प्रोग्रामने इंटरनेटवरचा पत्ता मागितला आणि रस्ता बंद दिसला, की विंडोज फोन लावायला धावतं. मागणारा तुम्ही आहात की मागे गुपचूप चालणारा एखादा प्रोग्राम, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तर पहिलं काम, 'नेव्हर डायल' निवडा. यापुढे नेट हवं असेल तेव्हा आपण स्वतः कनेक्शनच्या चित्रावर डबल-क्लिक करायचं. थोडी गैरसोय आहे, पण बिल आपलं आहे.

एक्सपीवर एवढ्याने भागेलच असं नाही. तिथे याच कामासाठी एक वेगळी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागचा प्रोग्राम, चालते, 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर'. कोणत्या पत्त्यासाठी पूर्वी कुठलं कनेक्शन लावलं होतं हे ती लक्षात ठेवते आणि तो पत्ता पुन्हा कोणी मागितला की तेच कनेक्शन पुढे करते. 'कंट्रोल पॅनल', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स', 'सर्व्हिसेस' या वाटेने जाऊन ती 'डिसेबल्ड' करावी. नाव शेवटपर्यंत वाचून मगच हात लावा, कारण तिच्याच शेजारी 'रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर' नावाची बहीण बसलेली असते. फरक फक्त 'ऑटो' या शब्दाचा. बहीण बंद पडली तर तुम्ही स्वतः लावायला गेलात तरी फोन लागणार नाही.

आता कनेक्शन स्वतःच उघडून बघा. पासवर्ड साठवून ठेवलेला असेल तर काढून टाका. रोज टाईप करायचा कंटाळा येतो हे मान्य, पण पासवर्ड विचारणारी चौकट हा शेवटचा फाटक आहे. साठवलेला पासवर्ड म्हणजे सताड उघडं फाटक. 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ऑप्शन्स' टॅबवर 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड' ही खूण असेल तर तीही काढा, नाहीतर तुटलेली लाइन तो पुन्हा जोडत बसतो. तिथेच किती वेळ काम नसेल तर फोन ठेवायचा हेही ठरवता येतं. बऱ्याच मशीनवर ते 'नेव्हर' असतं. दहा मिनिटं करा. संध्याकाळी नेट चालू ठेवून जेवायला बसणाऱ्या घरांसाठी ही एक सेटिंग बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पैसे वाचवते.

सज्जन मागणारे

ऑटोडायल बंद केल्यावरही चौकट उगवत असेल, तर ती घाईने 'कॅन्सल' करू नका, वाचा. एक्सपीच्या चौकटीत स्पष्ट लिहिलेलं असतं की तुम्ही किंवा एखाद्या प्रोग्रामने अमुक पत्त्यावरची माहिती मागितली आहे, कोणतं कनेक्शन वापरू? तो पत्ता कागदावर उतरवून घ्या. अर्धा तपास तिथेच लागतो. अँटिव्हायरस कंपनीचं नाव दिसलं तर सोडून द्या, मायक्रोसॉफ्ट दिसलं तर अपडेट किंवा मेसेंजर, आणि नुसतेच आकडे किंवा कधी न ऐकलेलं जाहिरातीचं नाव दिसलं तर पुढचा भाग नीट वाचा.

सज्जनांची यादी बरीच मोठी आहे. आउटलुक एक्स्प्रेस ठरावीक मिनिटांनी नवी मेल बघतो. त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये ती खूण काढली आणि 'कनेक्ट नसेल तर लावू नकोस' हा पर्याय निवडला की तो गप्प बसतो. एक्सपीचं घड्याळ आठवड्यातून एकदा इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं. विंडोज मेसेंजर कोणी न बोलावता हजर होतो. गाणी वाजवणारे आणि फाईल वाचणारे प्रोग्राम नवी आवृत्ती आली का हे विचारत राहतात. प्रिंटरबरोबर आलेल्या सीडीतलं सॉफ्टवेअरसुद्धा, त्याला काय पडलंय देव जाणे, अधूनमधून घरी फोन करू बघतं. यातल्या कोणाच्याही मनात पाप नसतं. कायम जोडलेल्या नेटची कल्पना करून ते लिहिले गेले आणि आपण ते मिनिटाला पैसे मोजणाऱ्या लाइनवर चालवले, भांडण एवढंच.

यातला नेमका कोण हे कळत नसेल तर 'स्टार्ट', 'रन', आणि तिथे एमएस-कॉन्फिग (msconfig) चालवा. ९८, एमई आणि एक्सपीमध्ये ते आहे, विंडोज २००० मध्ये नाही. 'स्टार्टअप' टॅबवर मशीन सुरू होताना चालू होणाऱ्या सगळ्यांची यादी मिळते. एकेक खूण काढत बसू नका. निम्म्या काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. फोन लागणं थांबलं तर गुन्हेगार त्या निम्म्यांत आहे, नाहीतर उरलेल्यांत. तीन-चार फेऱ्यांत नाव हाती येतं.

चोर: डायलर

आता खरी भानगड. डायलर हा एक छोटासा प्रोग्राम. तो तुमच्या नेहमीच्या इंटरनेट कंपनीचा फोन तोडतो आणि त्याऐवजी भलताच महागडा नंबर लावतो. नेट चालू राहतं, पानं उघडतात, त्यामुळे काही बिघडलंय असं वाटतच नाही. मॉडेमचा स्पीकर बंद करायला एक साधी आज्ञा पुरते, ती तो आधीच देऊन ठेवतो. कळतं ते थेट बिल आल्यावर.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण १९९७ चं. अमेरिकेत काही अश्लील चित्रांच्या साइट्स 'फुकट बघा, फक्त हा खास व्ह्यूअर उतरवा' असं सांगत. व्ह्यूअर म्हणजे डायलर. तो स्थानिक कनेक्शन तोडून पूर्व युरोपातल्या मोल्डोव्हा देशाचा नंबर लावायचा, मिनिटाला दोन डॉलरहून जास्त दराने. साइट सोडून तुम्ही बातम्या वाचायला गेलात तरी लाइन मोल्डोव्हाचीच राहायची, कॉम्प्युटर बंद करेपर्यंत. गंमत अशी की ते कॉल मोल्डोव्हापर्यंत पोचतच नव्हते, कॅनडातच संपत होते. बिल तेवढं मोल्डोव्हाचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला आणि सुमारे ३८,००० ग्राहकांना मिळून २७ लाख डॉलरहून अधिक रक्कम परत मिळाली.

यात चोराला पैसे कसे मिळतात हे समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळा धंदा त्यावरच उभा होता. तुम्ही परदेशी फोन लावता तेव्हा तुमची टेलिफोन कंपनी तुमच्याकडून पैसे घेते आणि पलीकडच्या देशातल्या कंपनीला कॉल पोचवण्याबद्दल ठरलेला वाटा देते. काही छोट्या देशांसाठी हा वाटा भरपूर होता आणि तिथे येणारे कॉल मात्र मोजके. मग तिथल्या कंपनीने कोणाशी तरी करार करायचा: तू आमच्या नंबरांवर कॉल आण, आमच्या वाट्यातला काही भाग तुझा. कॉल आणणाऱ्याने तो कसा आणला हे कोणी विचारत नसे. तुमच्याच देशातल्या टेलिफोन कंपनीने तुमच्याच बिलातून वसूल केलेला पैसा असा कायदेशीर नळातून चोरापर्यंत वाहत जायचा. म्हणूनच या प्रकरणांत प्रशांत महासागरातली कधी न ऐकलेली बेटं वारंवार दिसतात. २००४ मध्ये आयर्लंडच्या दूरसंचार नियामकाला इतक्या तक्रारी आल्या की त्याने तेरा देशांचं थेट डायलिंगच थांबवायला लावलं.

जर्मनीत परदेशाची गरजही नव्हती. ०१९० ने सुरू होणारे देशी नंबर सल्ला, ज्योतिष वगैरेंसाठी होते आणि त्यांचे दर चढे. बर्लिनमधल्या एका घरात २००० साली सोळा वर्षांच्या मुलाने 'नेट वेगवान करणारी' म्हणून एक फाईल उतरवली. काही उपयोग दिसेना म्हणून पुसूनही टाकली. फाईल गेली, पण तिने डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून नेट जोडण्याच्या, सेटिंगमध्ये केलेला बदल तसाच राहिला आणि पुढचे कित्येक आठवडे घरातला प्रत्येक इंटरनेट कॉल ०१९० मार्गे जात होता. बिल नऊ हजार युरोच्या आसपास पोचलं. भांडण सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २००४ मध्ये निकाल लागला: ग्राहकाने हे पैसे भरायचे नाहीत. असे नंबर चालवण्यात टेलिफोन कंपनीचाही आर्थिक फायदा आहे, तेव्हा गैरवापराची जोखीमही तिचीच. आधीच्या वर्षीच तिथे डायलरची सरकारदरबारी नोंदणी सक्तीची करणारा कायदा झाला होता.

त्या मुलाच्या गोष्टीतला आपल्या उपयोगाचा मुद्दा हा की डायलर पुसणं आणि डायलरने केलेला बदल पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून 'डायल-अप नेटवर्किंग' किंवा एक्सपीतलं 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडा आणि तिथल्या प्रत्येक चित्राच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन नंबर वाचा. बीएसएनएलवाल्या घरांत तिथे १७२२२२ किंवा १७२२३३ असायचा. दोन शून्यांनी सुरू होणारा नंबर दिसला तर तो आयएसडी, म्हणजे परदेशी फोनचा, आहे, इंटरनेटसाठी तो लावायचं कसलंच कारण नाही. स्वतः न बनवलेलं कनेक्शन दिसलं तर काढून टाका. आणि 'डिफॉल्ट' असं कोणावर लिहिलंय ते बघा, कारण डायलरला सगळ्यात आवडणारी जागा तीच.

आपल्याकडे अनेक घरांच्या फोनवर आयएसडीची सोय मुळात घेतलेलीच नसे. ज्यांच्याकडे होती त्यातले कित्येक जण मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या भीतीने लॉक लावून ठेवत. मोल्डोव्हाच्या चोराला त्या लॉकसमोर काही करता येत नाही. मॉडेम कितीही ओरडला तरी एक्स्चेंज नंबर पुढे जाऊ देत नाही. जुन्या मशीनला अजूनही फोनची वायर लावत असाल, तर कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आधी हे आयएसडीचं लॉक लावून घ्या. कॉम्प्युटरवरचा पहारा कॉम्प्युटरवरचा चोर उठवू शकतो, एक्स्चेंजमधला नाही.

आणि हेर

स्पायवेअरला फोनच्या बिलात रस नसतो. त्याला तुम्ही काय बघता, काय शोधता, काय टाईप करता हे हवं असतं, आणि ते पोचवायला नेट लागतं म्हणून तोही फोन लावायला सांगतो. बहुतेक वेळा तो दार फोडून येत नाही. आपणच आत घेतो. गाणी उतरवण्यासाठी लोकांनी कझा नावाचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याच्या पदराआडून जाहिरातींचं सायडोर आलं. स्क्रीनवर उड्या मारणारा, बोलणारा जांभळा गोरिला, बोंझी बडी, मुलांना भारी आवडायचा. आईवडिलांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल त्याच्या कंपनीला २००४ मध्ये अमेरिकेत ७५,००० डॉलर दंड झाला. दुसरी वाट एक्स्प्लोररची: 'हे बसवू का?' अशी चौकट येते आणि वैतागून आपण 'येस' दाबतो.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा. आधी 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स' बघा. यातले कितीतरी पाहुणे तिथे राजरोस नाव लावून बसलेले असतात आणि तिथून काढले तर बऱ्यापैकी निमूट जातात. मग मशीन सुरू होताना एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये या, म्हणजे उरलेले जागे नसताना त्यांच्यावर हात टाकता येतो. त्या काळात यासाठी दोन नावं भरवशाची होती, ॲड-अवेअर आणि स्पायबॉट. आज जुन्या विंडोजसाठी हेर ओळखणाऱ्या ताज्या याद्या मिळण्याची आशा धरू नका. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर एखाद्या नामांकित अँटिव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क बनवून जुनं मशीन तिच्यावरून सुरू करणं जास्त खात्रीचं, कारण तेव्हा आतलं विंडोज, आणि त्यातला हेर, झोपलेलाच असतो. फक्त इतक्या जुन्या मशीनवर ती डिस्क चालेल का, मेमरी पुरेल का, हे आधी वाचून घ्या.

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये २१७ धोके सापडले' असं ओरडणारी खिडकी इंटरनेटवर दिसली तर ती स्वतःच धोका आहे. विनफिक्सर, स्पायशेरीफ ही याच घराण्यातली नावं: आधी घाबरवायचं, मग पैसे मागायचे. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची वही) साफ करून मशीन पळवणारे प्रोग्रामही मी कोणाला सुचवत नाही. फायदा दिसत नाही आणि मोडतोड मात्र हमखास.

साफ केल्यावर एक विचित्र गोष्ट घडू शकते. स्पायवेअर गेलं, आणि नेटही गेलं. कनेक्शन लागतं, पण एकही पान उघडत नाही. न्यू-डॉट-नेटसारखे काही पाहुणे विंडोजच्या नेटच्या साखळीत स्वतःची कडी घुसवतात. कडी उपटली की साखळी तुटते. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटवर कमांडची काळी खिडकी उघडून नेटएसएच विनसॉक रिसेट (netsh winsock reset) ही आज्ञा दिली आणि मशीन पुन्हा सुरू केलं की साखळी नव्याने जोडली जाते. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी चांगली मॉडेम फेकून दिली असतील कोण जाणे.

आणि सिस्टिम रिस्टोर. एमई आणि एक्सपी जुन्या फाईलींच्या प्रती जपून ठेवतात, त्यात हेराचीही प्रत असते. मशीन नीट चालतंय अशी खात्री पटल्यावर सिस्टिम रिस्टोर एकदा बंद करून पुन्हा चालू करा, जुन्या प्रती पुसल्या जातात.

एवढं करूनही चौकट उगवत असेल तर हट्ट सोडा. फोटो आणि हिशेबाच्या फाईली काढून घ्या, तपासा आणि विंडोज नव्याने टाका. फक्त नवं एक्सपी फायरवॉल, म्हणजे नेटवरून आत येणाऱ्यांना अडवणारा पहारा, चालू केल्याशिवाय नेटला जोडू नका. सर्व्हिस पॅक २ येईपर्यंत ती फायरवॉल मुळात बंदच असायची, आणि ऑगस्ट २००३ मधला ब्लास्टर वर्म (नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्राम) कसलीही फाईल न उघडता, नुसत्या जोडलेल्या मशीनमध्ये शिरत होता.

डोंगलवाल्यांसाठी

घरगुती नेट ब्रॉडबँडवर गेलं आणि डायलरचा धंदा बसला, कारण ब्रॉडबँडचा मॉडेम टेलिफोन नंबर फिरवतच नाही. जुना फॅक्स-मॉडेम मात्र वायरीसकट पाठीमागे लटकत असेल तर तो अजूनही फिरवू शकतो, तेव्हा वायर काढून ठेवा.

ऑटोडायल मात्र मेलं नाही. मॉडेम ब्रिज मोडवर (म्हणजे तो स्वतः लॉगिन करत नाही) ठेवून विंडोजमधूनच ब्रॉडबँडला नाव-पासवर्ड देणाऱ्या मशीनवर तीच चौकट तशीच उगवते. दुकानात टॅलीसाठी ठेवलेल्या जुन्या मशीनला यूएसबी डोंगल (सिम घालून मोबाइलचं नेट देणारी काडी) लावला, तर त्या डोंगलचं कनेक्शनही विंडोजच्या लेखी डायल-अपच असतं आणि वरच्या सगळ्या सेटिंग त्यालाही लागू पडतात. फरक एवढाच की इथे पल्स (फोनच्या बिलाचं एकक) पडत नाही, पॅक संपतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं आणि ९८ ला तर ११ जुलै २००६ नंतरच, म्हणून अशा मशीनचा डोंगल काम झालं की उपसून ड्रॉवरमध्ये टाकलेला बरा. हिशेब पाठवायचा असेल तर पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवरून पाठवा. तो पेनड्राइव्ह आधी त्या दुसऱ्या मशीनच्या अँटिव्हायरसने तपासायचा.